घरच्या जुन्या झाडांच्या नोंदी: निंब, आंबा आणि गुलमोहर

१२ जानेवारी २०२५

नागपुरातलं प्रतापनगरकडचं आमचं घर १९७२ चं. समोर गेटजवळ कडुनिंब, मागे विहिरीपाशी गावरान आंबा आणि उजव्या कंपाउंडला लागून गुलमोहर. घराचा पाया भरला त्याच वर्षी मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, निंब लावला, आंबा त्याच्या थोडा मागेपुढे, गुलमोहर मात्र बराच नंतरचा, साधारण पस्तिशीचा असेल.

नोंदी ठेवायला घेतल्या त्या निंबामुळे. दोन उन्हाळे झाले, त्याचे शेंडे वरून वाळत येऊन राहिले, पानं बारीक झाली, आणि जो येतो तो एकच सांगतो की झाड म्हातारं झालं, अर्ध्यातून उडवून टाका, नवीन फुटेल. मला हे अजिबात पटत नाही. कडुनिंबाला पन्नास-बावन्न वर्षं म्हणजे काही म्हातारपण नाही, आणि अर्ध्यातून छाटलं की जो फुटवा येतो ना तो खोडाच्या नुसता वरवर धरून असतो, मधल्या लाकडातून आलेला नसतो, म्हणून दिसायला हिरवागार दिसतो पण चार-सहा वर्षांनी जड झाला की वादळात तोच आधी खाली येतो.

आज टेप घेऊन तिन्ही झाडांचे घेर मोजले, जमिनीपासून साडेचार फुटांवर, दर वर्षी याच उंचीवर मोजलं तर तुलना करता येते. निंब ७ फूट २ इंच, आंबा ६ फूट ५ इंच, गुलमोहर ५ फूट ८ इंच.

मोजता मोजता नजर खाली गेली. कुठलंही मोठं झाड जमिनीला टेकताना रुंद होत जातं, मुळांचे फुगवटे दिसतात. आंब्याचे दिसतात. निंबाचे नाहीत, तो विजेच्या खांबासारखा सरळ गट्टूंमध्ये, म्हणजे अंगणातल्या पेव्हर ब्लॉकमध्ये, घुसलेला आहे. संध्याकाळी मामाजींना विचारलं तं ते म्हणाले, "अगं, आपल्या गेटला रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून यावं लागे. आता रस्त्यावरून खाली उतरावं लागते."

उत्तर मिळालं. डांबराच्या थरावर थर चढले, मग सिमेंटचा रोड आला, तो आणखी वर, पावसाचं पाणी अंगणात शिरायला लागलं म्हणून गल्लीतल्या सगळ्यांनीच मुरूम टाकून अंगणं उचलली आणि वरून गट्टू बसवले. जुन्या लेआउटमध्ये कुठेही जाऊन पाहा, हेच दिसेल. घरं उचलली गेली नाहीत, अंगणं उचलली गेली, आणि झाडं त्यात गळ्यापर्यंत बुजली.

२६ जानेवारी

सुट्टी होती म्हणून आज निंबाभोवतीचे गट्टू काढले. बुंध्यापासून तिन्ही बाजूंना साडेतीन-चार फूट, गेटकडची बाजू सोडून कारण तिथे गाडी उभी राहते. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीच्या झाडांसाठी बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता, मी तेच माप कमीत कमी म्हणून धरलं.

गट्टू आणि खालची चुरी सब्बलनं (पहारीनं) निघाली. त्यानंतर सब्बल बाजूला ठेवली, टिकास तं आणलाच नाही. खुरपी, लाकडाची चपटी काडी आणि पाण्याचा पाइप. मुरूम एवढा दाबून बसलेला की आधी भिजवावा लागला. मुरमाखाली विटांचे तुकडे, त्याखाली एकदम काळी माती लागली आणि कळलं की १९७२ चं अंगण हे. साधारण चौदा इंच खाली खोड रुंद व्हायला लागलं. बुजलेल्या भागाची साल काळपट, ओलसर, नखानं दाबली तर दोन ठिकाणी मऊ लागली, कुबट वास येत होता. बाकी सगळीकडे टणक आहे, खरवडल्यावर आत हिरवं दिसलं. म्हणजे वेळ गेलेली नाही.

मुरमात खोडातून नव्यानं फुटलेली बारीक मुळं होती, बिचाऱ्या झाडानं वर हवा शोधायला काढलेली. त्यातलंच एक वाढून मनगटाएवढं झालेलं मूळ खोडालाच अर्धा वळसा घालून बसलंय आणि त्याच्याखाली खोड दबलेलं दिसतं. ते आज कापलं नाही. एकाच वेळी उघडंही करायचं आणि मुळंही तोडायची हे मला जड वाटलं, पावसाळ्यानंतर पाहू.

जाणारे-येणारे विचारून राहिले की मुळं उघडी पाडून झाड मरणार नाही का. मुळं उघडी पाडली नाहीत, बुंधा उघडा केलाय. बुंध्याच्या सालीला हवा लागते आणि बारीक मुळांनाही श्वास घ्यायला हवा लागते. पाणी ओढणारी मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या सावलीच्या बरीच पुढेपर्यंत पसरतात. तिथेच आपण मुरूम दाबतो आणि वर गट्टू ठोकतो, मग शेंडा वाळला की कुऱ्हाड घेऊन शेंड्याकडे जातो.

९ फेब्रुवारी

आज आंबा. मोहर बरा आहे म्हणून फवारणी वगैरे काही नाही, मधमाश्या येऊन राहिल्या.

दोन कामं होती. पहिलं बांडगूळ. पश्चिमेच्या फांदीवर तीन झुबके, आंब्याच्या पानांत पटकन ओळखू येत नाही पण पान जाड आणि फिकट, आणि जिथे ते फांदीला चिकटतं तिथे गाठ सुजलेली असते. नुसतं ओढून काढलं तर काही उपयोग नाही, त्याची मुळी फांदीच्या लाकडात शिरलेली असते, पुन्हा फुटतं. म्हणून गाठीच्या खाली चांगलं फूटभर सोडून फांदीच कापायची. एक झुबका जाड फांदीवर आहे, ती फांदी घालवणं परवडत नाही, तिथे बांडगूळ छाटत राहायचं, फळं धरू द्यायची नाहीत. फुलटोचे पक्षी ती फळं खातात आणि चिकट बिया दुसऱ्या फांदीवर पुसून ठेवतात, असंच ते सगळ्या गल्लीत पसरतं.

दुसरं भिरूड, म्हणजे खोडकिडा. बुंध्याशी ओला भुसा पडलेला दिसला, वर शोधलं तर हाताच्या उंचीवर पेन्सिल जाईल एवढं भोक आणि त्यातून तपकिरी रस गळलेला. सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून हूक केला आणि भोकात हळूहळू फिरवला, आधी भुसा आला, मग चोथा, आणि शेवटी एक पांढरी जाडजूड अळी, बोटभर लांब, डोकं काळपट आणि चपटं. एका भोकात एकच होती. दुसऱ्या भोकात हूक पोचेना, त्यात रॉकेल लावलेला कापसाचा बोळा ढकलून वरून चिखलानं लिंपून टाकलं. दर आठवड्याला बुंधा झाडून ठेवायचा, ताजा भुसा पडला की अळी आत जिवंत आहे हे समजतं.

२ मार्च

छाटणीसाठी काटोलकडचे भाऊ आले. संत्र्याच्या बागांत काम केलेला माणूस, दोरावर चढतो, पायाला खिळ्यांचे बूट लावत नाही, मी हेच पाहून बोलावलं होतं. बुटांचे खिळे प्रत्येक पावलाला सालीत भोक पाडतात. छाटणीची परवानगी उद्यान विभागाकडून आधीच काढली होती, घरच्या झाडालाही ती लागते हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं.

भाऊंना सांगितलं की फक्त वाळलेलं काढायचं, हिरवं शक्यतो नाही. म्हणाले, "ताई, एवढ्यासाठी बोलावलं का? मी तं अर्ध्या दिवसात झाड मोकळं करून देतो." मी म्हटलं, मोकळं नाही करायचं भाऊ, झाड आधीच अशक्त आहे, पानं काढली तर ते खाणार काय. मग त्यांनी नीट काम केलं. जाड फांदी तीन कापांत: आधी खालून एक काप, मग थोडं पुढे वरून, म्हणजे फांदी पडताना साल सोलत जात नाही, आणि उरलेलं खुंट शेवटी. शेवटचा काप खोडाला घासून नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडं असतं, ते तसंच ठेवून त्याच्या बाहेरून कापायचं. जखम बुजवणारी साल त्या कड्यातून येते.

यानंतर बोर्डो पेस्टवरून, म्हणजे कापांना लावायच्या मोरचूद-चुन्याच्या लेपावरून, आमची चांगली चर्चा झाली. भाऊंचं म्हणणं, प्रत्येक कापाला पेस्ट पाहिजेच, संत्र्याला आम्ही लावतोच. अ‍ॅलेक्स शिगो म्हणून अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ होते, त्यांनी हजारो झाडं उभी चिरून पाहिली आणि दाखवलं की झाड जखम भरून काढत नाही, सडलेला भाग आत भिंत घालून वेगळा करतं, वरून लावलेल्या रंगानं सड थांबत नाही. मला हे पटलेलं आहे म्हणून निंबाचे काप उघडे ठेवले. पण आंब्याच्या बुंध्यातून डिंक येऊन राहिला, तिथे पेस्ट लावायला हरकत नाही म्हटलं. संत्र्यावरच्या डिंक्यासाठी विदर्भात ही पेस्ट पिढ्यान्‌पिढ्या लावतात आणि ताम्रयुक्त बुरशीनाशक म्हणून ती काम करतेच.

भाऊंनी पेस्ट केली ती पाहण्यासारखी होती. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. आम्ही याच्या निम्मं केलं. मोरचूद एका प्लास्टिकच्या बादलीत, चुना दुसऱ्या बादलीत, लोखंडी भांडं चालत नाही. चुना विरघळवून गार होऊ दिला, मग दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतून काडीनं ढवळत राहिले, रंग सुंदर आकाशी आला. नंतर खिशातून चाकू काढून त्यात बुडवून धरला. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, चुना वाढवायचा. पातं स्वच्छ निघालं. ही पेस्ट त्याच दिवशी वापरायची, दुसऱ्या दिवसाला ठेवायची नाही.

निंबाची दक्षिणेची फांदी शेजारच्या काकूंच्या टिनाच्या शेडवर झुकलेली आहे आणि मधे पोकळ आहे. काकूंना ती पूर्ण काढून पाहिजे. पण सकाळीच राखी धनेश पक्ष्यांची जोडी त्या ढोलीत डोकावून राहिली होती. म्हणून फांदी न काढता तिच्या टोकाकडचं वजन कमी केलं, टोक साधारण सहा फूट मागे आलं, शेडच्या वरून हटलं. काकूंना खाली उभं करून दाखवलं. "बरं, या वर्षी राहू दे," म्हणाल्या.

३० मार्च, पाडवा

गुढीला पाला आपल्याच निंबाचा. कोवळी तांबूस पालवी आली, वरच्या शेंड्यांना नाही, पण मधल्या फांद्यांना गेल्या वर्षीपेक्षा दाट आहे. ढोलीचं तोंड लिंपलेलं दिसलं, फक्त एक फट. धनेशाची मादी अंड्यांसाठी आत बसली. आता त्या बाजूला शिडीसुद्धा लावायची नाही.

२० एप्रिल

पाणी. बहुतेक लोक झाडाला पाणी देतात ते बुंध्याला, बादलीभर ओतून मोकळे होतात. मोठ्या झाडाला ते काहीच नाही, उलट बुंधा ओला राहतो. फांद्यांची सावली जिथे संपते त्या रेषेच्या आसपास द्यायचं. आमच्याकडे ती रेषा अर्धी गट्टूंवर आणि अर्धी गेटबाहेर रस्त्यावर पडते, त्यामुळे मिळते तेवढ्याच जागेत, बारीक धार सोडून, रात्रभर. काळी माती पाणी सावकाश पिते, जोरात सोडलं तर वाहूनच जातं. सकाळी लांब स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहायचा, सहज फूटभर गेला म्हणजे ओल पोचली. मग दहा-पंधरा दिवस पाहायचं नाही. या मातीला उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात, म्हणून वरून पालापाचोळ्याचा चार इंच थर, बुंध्यापासून वीतभर दूर ठेवून.

पाचोळ्यावरून काकूंशी बोलणं झालं. त्यांची खरी अडचण निंब नाही, निंबाची पानं आहेत, स्लॅबवरचा पाइप तुंबतो, दोनदा वर पाणी साचलं. त्या गोळा करून जाळायच्या, धुराचा मामाजींना त्रास. ठरलं असं की त्यांचा पाचोळा मी रोज गोणीत नेईन आणि पाइपला जाळी बसवून देईन. मला पाचोळा पाहिजेच होता.

कोणी म्हणतं युरिया टाका, कोणी डीएपी. नाही टाकणार. मुळं सावरली नसताना जबरदस्तीनं पानं फुटवली तर ती पानं पोसणार कोण? थोडं जुनं शेणखत पाचोळ्याखाली पसरलं, बस.

२५ मे

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस. सकाळी सहाच्या आत जे होईल ते. नर धनेश फळं घेऊन येतो, फटीतून एकेक आत देतो.

गुलमोहर लालभडक फुललाय, रस्त्यावरून जाणारे थांबून फोटो काढतात, आणि मला त्याचीच जास्त काळजी आहे. आज लाकडी हातोडीनं खोडाभोवती ठोकत गेले, कंपाउंडच्या बाजूला जमिनीपासून कमरेपर्यंत बद्द पोकळ आवाज. झाड फुलतं म्हणजे धड आहे असं समजू नये. पाणी आणि अन्न नेणारा भाग सालीलगतच असतो, आतलं लाकूड कुजलं तरी फुलं येतच राहतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, लाकूड मऊ, मुळं उथळ, त्यात आमच्याकडे एका बाजूला कंपाउंडचा पाया असल्यामुळे मुळं तिकडे गेलीच नाहीत. रस्त्यावर झुकतो आणि विरुद्ध बाजूची पकड कमी. याच्याखाली पोरं सायकली लावतात. त्या आजपासून हलवल्या.

१२ जून

काल संध्याकाळी वादळ आलं. गुलमोहराची मांडीएवढी फांदी कंपाउंडवर पडली, वरच्या विटा गेल्या. खाली कोणी नव्हतं. तुटलेल्या ठिकाणी लाकूड तपकिरी, हातानं कुस्करलं तं भुगा. निंबाच्या काड्या पडल्या फक्त. आंब्याचे पाड मात्र बरेच गेले, लोणच्याला घेतले.

१० जुलै

परवापासून झड. निंबाभोवती खोदलेलं आळं आता अंगणापेक्षा खाली आहे, त्यात पाणी साचलं तर जे वाचवायला खोदलं तेच सडणार. म्हणून जूनमध्येच आळ्यातून कंपाउंडच्या भोकापर्यंत खडीची नाली काढून ठेवली होती. छत्री घेऊन उभी राहून पाहिलं, पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात आळं रिकामं होतं. ज्यांना असं खोदायचं असेल त्यांनी पाण्याची वाट आधी पाहावी, उतार नसेल तर खोदू नये.

गुलमोहराच्या बुंध्याशी बुरशीचं छत्र निघालं, तपकिरी, काठाला पांढरं, लाकडासारखं कडक. गॅनोडर्मा असावा. मुळांकडून सड आहे, म्हणजे नुसत्या फांद्या छाटून भागणार नाही. फोटो काढून उद्यान विभागाकडच्या गुलमोहराच्या अर्जाला जोडले.

निंबोळ्या पिकून पडल्या. निंबाचं बी फार दिवस टिकत नाही, दोन-तीन आठवड्यांत उगवण जाते, म्हणून ताज्याच धुऊन पिशव्यांत लावल्या.

२४ ऑगस्ट

काल मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची नागपूरची मिरवणूक, त्यामुळे आठवडाभर सगळं थांबलं होतं. गुलमोहराची पाहणी होऊन परवानगी मिळाली, पूर्ण काढण्याची नाही, वरचा भार उतरवण्याची. मलाही तेच पाहिजे होतं. फांद्या उतरवून खोड माणसाच्या उंचीच्या थोडं वर ठेवलं. पडलं तरी आता आवारातच पडेल, आणि वाळलेल्या लाकडात तांबट पक्षी भोक करतात, पिंगळेही येतात.

पाहणीला आलेल्या साहेबांना निंबही दाखवला. महाराष्ट्राचा झाडांचा कायदा १९७५ चा, त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, पन्नास वर्षं किंवा त्यावरचं झाड हेरिटेज धरलं जातं, आणि झाड तोडायची परवानगी मिळालीच तर त्याचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावायची. मधे एक बिल्डर रिडेव्हलपमेंटचं विचारून गेला होता, "झाडाचं आम्ही पाहून घेऊ" म्हणाला. मामाजींनी घराचे जुने कागद, पाया भरल्याचं वर्ष, सगळं एका फाइलला लावून ठेवलं. ज्यांच्या घरी जुनी झाडं आहेत त्यांनी वयाचा पुरावा आत्ताच शोधून ठेवावा, जुना फोटो असेल तर फारच चांगलं.

५ ऑक्टोबर

पाऊस उघडला. निंबाचं ते वळसा घातलेलं मूळ आज कापलं. बारीक करवतीनं, खोडाला धक्का न लावता, दोन ठिकाणी कापून मधला तुकडा काढला, खोडात रुतलेला भाग तसाच सोडला. बुंध्याची मऊ लागलेली साल वाळून सुटली, आत नवीन कडा भरत येतेय. पावसाळ्यात मधल्या फांद्यांना हातभर वाढ झाली. वाळलेले शेंडे हिरवे होणार नाहीत, ते गेलेच. झाड जेवढं पोसू शकतं तेवढं ठेवतं, आपली उंची थोडी कमी करून घेतं, आणि ते मला मान्य आहे.

आंब्याला दोन मोठ्या फांद्या इंग्रजी व्ही सारख्या चिकटून वर गेल्यात, मधे साल दाबली गेलीय, तिथून चिरायची भीती. कोणीतरी सुचवलं की तार गुंडाळून आवळून टाका. अजिबात नाही, तार दोन वर्षांत सालीत रुतते आणि वरचा भाग उपाशी मारते. फांद्यांतून आरपार आयबोल्ट (टोकाला कडी असलेले बोल्ट) घालून वर स्टीलची केबल लावली, सांध्यापासून शेंड्यापर्यंतच्या उंचीत साधारण दोन तृतीयांशावर, थोडी ढिली, म्हणजे झाड वाऱ्यात हलतं पण फाटत नाही. दर वर्षी तपासावी लागणार. बुंध्याला पेस्टचा दुसरा हात दिला. भिरुडाचा ताजा भुसा कुठे नाही.

२३ नोव्हेंबर

निंबाची रोपं वीतभर झाली. एक गुलमोहराच्या जागेपासून दूर, आवाराच्या मागच्या कोपऱ्यात लावलं, कंपाउंडपासून बारा फुटांवर, भोवती गट्टू नाहीत आणि बसवूही देणार नाही. बाकीची गल्लीत वाटली.

गेटकडची बाजू अजून बंद आहे. गाडी मागे घ्यायची तर विहिरीकडचा कठडा फोडावा लागतो, त्यावर घरात बोलणं चालू आहे, उन्हाळ्याआधी व्हायला पाहिजे. काकूंचं जांभूळही तसंच बुजलेलं निघालं, त्यांनी स्वतःच खाली वाकून पाहिलं आणि हाक मारली. पुढच्या रविवारी तिथले गट्टू काढायचे, सब्बल आमची, पोरं त्यांच्याकडची. नालीची खडी अर्धा ब्रास लागेल, ती आधी टाकून घ्यायची.